मकाव, १९५४: स्पर्शाआधीचं दोन हात अंतर

१७ जानेवारी १९५४ रोजी मकावमध्ये दोन वस्तादांची जाहीर लढत झाली. एका बाजूला वू गोंगयी, वय ५३, ताईची या संथ, मऊ हालचालींच्या चिनी युद्धकलेतल्या वू घराण्याचे तेव्हाचे प्रमुख. समोर चान हाक-फू, तिशीतले, दक्षिण चीनमध्ये रुजलेल्या तिबेटी ‘श्वेत क्रौंच’ परंपरेचे. फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या ठरल्या होत्या. दुसऱ्या फेरीत लाथा सुरू झाल्या तसे पंच मध्ये पडले, लढत थांबवली आणि निकाल दिला: कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही आणि ही बरोबरीही नाही.

त्याआधी हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांतून आव्हानं-प्रतिआव्हानं झाली होती, पण ब्रिटिश हाँगकाँगमध्ये अशा लढतीला परवानगी मिळणं शक्य नव्हतं. मकाव तेव्हा गोव्यासारखंच पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं, तिथे ते जमलं. धर्मादाय निमित्तही होतं. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री हाँगकाँगच्या शेक किप मे झोपडवस्तीला आग लागून ५०,००० हून अधिक माणसं उघड्यावर आली होती, त्यांच्यासाठी निधी गोळा करायचा होता. लढत इतकी गाजली की तिसऱ्याच दिवशी, २० जानेवारीला, हाँगकाँगच्या ‘न्यू इव्हनिंग पोस्ट’नं ल्यांग युशेंग यांची योद्ध्यांवरची कादंबरी क्रमशः छापायला घेतली. चिनी युद्धकथांच्या नव्या प्रवाहाची सुरुवात तिथूनच मानतात.

या लढतीचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. ताईची शिकणारा कधी ना कधी ते पाहतो आणि बहुधा खट्टू होतो. पाणी वाहावं तसा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची संथ मालिका, नाही, अलगद वळवलेला जोर नाही, समोरचा दहा फूट उडून पडत नाही. दोन माणसं एकमेकांकडे हात फेकतायत, बरेचसे हवेत जातायत, मध्येच एखादा लागतोय. त्यावरून लोक दोन निष्कर्ष काढतात. एक म्हणजे ताईची लढायच्या कामाची नाही. दुसरा, ‘खरी’ ताईची वूंनी दाखवलीच नाही, राखून ठेवली. आम्हाला दोन्ही निष्कर्ष आळशी वाटतात. ही लढत अंतर्गत युद्धकलांच्या, म्हणजे स्नायूंच्या ताकदीपेक्षा आतल्या जोरावर भर देणाऱ्या ताईचीसारख्या कलांच्या, सरावातली एक ठरावीक फट दाखवते. ती फट कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येतं आणि ती भरताही येते.

आधी दोघं काय घेऊन मंचावर चढले ते पाहू. वू गोंगयींचे आजोबा वू च्वानयौ यांनी बीजिंगमध्ये यांग घराण्याकडून ताईची घेतली आणि वडील वू ज्यानच्वान यांनी तिला स्वतंत्र वळण दिलं. या शैलीत चौकट लहान असते. पावलं समांतर आणि फार न फाकवलेली, पुढच्या पायावर वजन पूर्ण टाकलेलं, धड किंचित पुढे कललेलं. मात्र टाचेपासून डोक्यापर्यंत एक सरळ रेष राहते. वर्तुळं छोटी. खास ताकद तुइशौमध्ये, म्हणजे दोघांनी मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल शोधण्याच्या सरावात. समोरच्याचा जोर कातडीवर जाणवला की त्याला वाट करून द्यायची आणि तो रिकामा झाला की आत शिरायचं. वू घराण्याचा लौकिक याच नाजूक कामावर उभा होता.

श्वेत क्रौंचाची चाल याच्या अगदी उलट. हात लांब, जवळजवळ सरळ, कमरेच्या पूर्ण फिरकीतून येणारे. चार सूत्रं सांगतात: निर्दय राहा, चुकव, भेद, मध्येच अडव. या लढवय्याला मनगटाला मनगट लावून उभं राहायचंच नसतं. तो बाहेरून येतो, मारतो आणि परत बाहेर जातो.

पहिल्या फेरीत चान लांब हात फिरवत आले. वूंच्या चेहऱ्यावर फटका बसला आणि ते दोरांपर्यंत मागे गेले. तिथून सावरून त्यांनी टाकलेला ठोसा चान यांच्या नाकावर बसला आणि रक्त वाहू लागलं. म्हणजे ५३ वर्षांचा माणूस तिशीतल्या माणसापुढे टिकला आणि त्याला रक्तबंबाळही केलं. हे लहान काम नाही. पण कशानं केलं? समोरून मारलेल्या साध्या ठोशानं. ज्या कलेसाठी वू ओळखले जात ती जवळजवळ कुठेच दिसत नाही.

ताईचीच्या परंपरेतल्याच मोजपट्टीनं हे तपासलं पाहिजे. वांग झोंगयुए यांच्या नावावर असलेल्या ताईचीच्या जुन्या प्रबंधात स्पष्ट लिहिलंय की बळकटानं दुबळ्याला मारणं आणि हळू हातानं चपळ हाताला वाट देणं ही जन्मजात शक्तीची गोष्ट आहे, शिकून आलेल्या कौशल्याशी तिचा संबंध नाही. ऐंशी-नव्वदीचा म्हातारा अनेकांना थोपवतो, तिथे वेग काय करणार, असा सवालही तिथे आहे. या पट्टीनं मोजलं तर मकावची बरीचशी लढत जन्मजात शक्तीवर चालली: दम, हिंमत, हाताची लांबी, वय. शिकलेलं कौशल्य मंचावर उतरलंच नाही, कारण ते जिथून सुरू होतं ती जागाच तयार झाली नाही.

ती जागा म्हणजे स्पर्श.

तुइशौ कशी सुरू होते ते बघा. दोघं समोरासमोर येतात, पुढची पावलं शेजारी-शेजारी ठेवतात, मनगटं टेकवतात आणि मग सराव सुरू होतो. सगळ्यात अवघड काम, म्हणजे ठोशाच्या माऱ्यातून वाट काढत समोरच्याच्या हातापर्यंत पोचणं, दोघांनी संमतीनं आधीच उरकून टाकलेलं असतं. लढतीत मात्र दोघांच्या मध्ये साधारण दोन हात, म्हणजे तीनेक फूट मोकळी जागा असते आणि तिथेच सगळे ठोसे राहतात. आपल्या तांबड्या मातीतल्या पैलवानाला हे सांगावं लागत नाही. सलामी झाली की खडाखडी असते, आणि पकड कोणी आयती देत नाही, ती झटापटीत मिळवावी लागते. ताईचीच्या बहुतेक वर्गांत खडाखडी शिकवलीच जात नाही, थेट पकडीपासून धडा सुरू होतो.

अंतरानं एवढा फरक का पडतो, याचं उत्तर वेळेत आहे. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि जवळून सुटलेला ठोसा तेवढ्यात पोचलेला असतो. त्वचेवरून कळलेल्या गोष्टीला प्रतिसाद थोडा लवकर येतो. पण त्याहून मोठा फायदा असा की हात टेकलेला असेल तर मूठ निघण्याआधी समोरच्याचं कोपर आणि खांदा भरतो, तोच कळतो. ‘समोरचा हलला नाही तर मी हलत नाही, तो किंचित हलला की मी आधीच हललेलो असतो’ हे वू यूश्यांग (ताईचीचे एकोणिसाव्या शतकातले वस्ताद, वरच्या वू घराण्यातले नव्हेत) यांच्या परंपरेतलं सूत्र या टेकलेल्या हाताचं आहे. दोन हात लांबून ते पाळायला गेलात तर तो पहिला फटका खायचा रीतसर मार्ग ठरतो. चार ल्यांगांनी हजार जिन वळवण्याचं प्रसिद्ध वचनही असंच. जुन्या मापात १६ ल्यांगांचा एक जिन, म्हणजे चार ल्यांग साधारण दीडशे ग्रॅम आणि हजार जिन जवळजवळ ६०० किलो. दीडशे ग्रॅमनं काही वळवायचं तर आधी समोरच्यानं आपला भार एका दिशेला टाकलेला हवा आणि आपला हात त्या भारावर टेकलेला हवा. फटका मारून लगेच परत जाणारा हात भार टाकतच नाही. मग वळवणार काय?

परंपरेनं तुइशौतले चार दोष सांगितलेत: स्पर्श सोडणं, चपटं होणं (दाबाखाली कोसळणं), जोराला जोर लावणं आणि हटून झुंजणं. चित्रीकरण बघताना हात पाहू नका, दोघांमधलं अंतर पाहा. मग दिसतं की वू दोनच अवस्थांमध्ये अडकलेत. एक तर स्पर्शच नाही, किंवा आहे तो क्षणभराच्या धडकेचा. सोडणं आणि जोराला जोर लावणं, हे दोन दोष आळीपाळीनं घडतायत. मधली अवस्था, म्हणजे चिकटून मागोमाग जाणं, तयार व्हायला लागते एखादा सेकंद, आणि तेवढा वेळ मिळत नाही.

अंतर हे मुख्य कारण. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी आहेत, आणि त्या आजच्या वर्गांतही जशाच्या तशा सापडतात.

एक डोक्याची. तुइशौमध्ये चेहऱ्यावर मारायचं नसतं. त्यामुळे वर्षानुवर्षं हात छातीच्या उंचीला राहतात, हनुवटी मोकळी राहते आणि ‘डोकं वरून टांगल्यासारखं’ ठेवण्याची सूचना मान ताणून हनुवटी उचलण्यात बदलते. टांगलेल्या डोक्यात खरं तर टाळू वर जाते आणि हनुवटी थोडी आत येते. आरशासमोर बाजूनं उभं राहून कान खांद्याच्या रेषेत आहे का ते पाहिलं की चूक लगेच कळते.

दुसरी पावलांची. स्थिर पावलांची तुइशौ मूळ धरायला शिकवते, पण नुसती तीच केली तर शरीराला एकच उत्तर येतं: जागेवर राहा, कमरेतून मागे जा. मंचावर समोरचा आणखी एक पाऊल पुढे टाकतो आणि मागे जायची जागा संपते. मग माणूस सरळ मागे पळतो आणि दोरांवर जातो.

तिसरी दमाची. वीस-पंचवीस मिनिटांचा संथ फॉर्म पाय आणि श्वास घडवतो यात शंका नाही. पण तीन मिनिटांच्या फेरीत नाडी जिथे जाते तिथे तो कधी नेत नाही. नाडी चढली की खांदे वर येतात, श्वास छातीत अडकतो आणि हाताची बारीक जाण सगळ्यात आधी जाते. ज्या कौशल्याचा पायाच ती जाण आहे, ते कौशल्य त्याच क्षणी हातून सुटतं.

न्यायाची गोष्ट म्हणजे फट चान यांच्या बाजूलाही होती. लांब हाताच्या शैलीत फटका चुकला की कूस उघडी पडते आणि तेवढ्यात आत शिरणाऱ्याला नाक समोर मिळतं. नाकावरचा ठोसा तसाच बसला असावा. दोघंही अशा मंचावर, अशा गर्दीसमोर, पंच मध्ये असताना लढण्याला सरावलेले नव्हते, आणि तेही दिसतं.

आता ही फट भरायची कशी. अंतर्गत कलांच्याच घरात त्याचं साहित्य आहे. शिंगयी ही ताईचीची सख्खी बहीण. तिच्यात स्पर्शाची वाट पाहत थांबणं नाही. तिच्या सांती या मूळ पवित्र्यात मागच्या पायावर साधारण ६० ते ७० टक्के वजन असतं, पुढचा हात नाकाच्या उंचीला, मागचा बेंबीपाशी. इथून पुढचं पाऊल अर्धं टाकायचं आणि मागचं पाऊल तेवढंच ओढून आणायचं. पावलांमधलं अंतर बदलत नाही आणि सगळं धड एकदम पुढे जातं. शिंगयीचे वस्ताद गुओ युनशेन यांचा अर्ध्या पावलाचा ‘बंगच्वान’ ठोसा प्रसिद्ध आहे तो याच पायकामावर. सुन लूतांग (१८६०–१९३३) शिंगयी आणि बागुआ ही वर्तुळात चालण्यावर उभी असलेली तिसरी अंतर्गत कला पचवून ताईचीकडे आले, तेव्हा त्यांनी आपल्या ताईचीत हे मागून ओढलेलं पाऊल कायम ठेवलं. आमच्या मते ही त्यांची सगळ्यात व्यवहारी देणगी आहे. दोन हातांचं अंतर तोल न घालवता कसं कापायचं, याचं उत्तर तिच्यात आहे.

ज्याला वर्ष-दोन वर्षं तुइशौ येते त्याच्यासाठी क्रम असा लावता येतो.

सुरुवात ओळखीच्या जागेपासून, पण एक बदल करून. तुइशौतली एका हाताची वर्तुळं, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं. मध्येच कधीही जोडीदार आपला हात काढून घेतो आणि हळू, उघड्या तळव्यानं कपाळाला स्पर्श करायला येतो. त्याचा हात निघाला की तुमचा हात आपोआप त्याच रेषेत पुढे गेला पाहिजे, छातीकडे किंवा खांद्याकडे. इथे बहुतेकांचा हात हवेत तसाच थांबतो आणि वर्तुळ पूर्ण करायला बघतो. तो थांबतो कारण आजवर तो वर्तुळ शिकलाय, माणूस शिकलेला नाही. ही सवय मोडायला काही आठवडे जातात आणि तेवढे जाऊ द्यावेत.

मग स्पर्श काढून टाका. दोघं हात लांब केल्यावर बोटं जेमतेम टेकतील एवढ्या अंतरावर उभे राहतात. जोडीदाराला मऊ हातमोजे आणि एकच ठोसा: सरळ, पुढच्या हाताचा, चेहऱ्याकडे, पूर्ण वेगाच्या साधारण एक तृतीयांशानं. तुमचं काम एवढंच: अर्धं पाऊल पुढे आणि थोडं बाहेरच्या बाजूला टाकायचं, आणि आपली पुढची बाहू त्याच्या बाहूवर कोपराच्या जवळ टेकवायची. मारायचं नाही, ढकलायचं नाही. दहापैकी सात वेळा बाहू टिकली तरच वेग वाढवा. सातच्या खाली गेलं तर वेग कमी करा, यात कमीपणा काही नाही.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, मनगट पकडायला जाणं. मनगट हा हाताचा सगळ्यात वेगवान भाग, तो हाती लागत नाही. कोपर त्याच वेळात निम्मंच अंतर जातं म्हणून ते गाठता येतं. दुसरी, पाय जागेवर ठेवून नुसता हात लांबवणं. स्पर्श होतो खरा, पण धड मागेच राहतं आणि त्या हातात पेंग उरत नाही, म्हणजे फुग्यासारखा भरीव तणाव उरत नाही. दाबलं की हात छातीला येऊन चिकटतो. तिसरी, डोळे मुठीवर ठेवणं. नजर गळ्याखाली, दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या मध्ये ठेवली की दोन्ही खांदे एकदम दिसतात. चौथी, श्वास धरणं. पाऊल टाकताना तोंडावाटे हलकेच ‘फू’ करायला लावलं की ही चूक सुटते.

बाहू टिकायला लागली की तिथून तुइशौ सुरू करू द्या, पण तीन सेकंदांपुरतीच. स्पर्श झाला, तीन सेकंदांत तोल काढायचा, नाही निघाला तर दोघांनी पुन्हा बाहेर जायचं. ही मर्यादा फार कामाची आहे. वू यूश्यांग यांचे भाचे ली यीयू यांच्या परंपरेत चार पायऱ्या सांगतात: उचलणं, ओढून आत घेणं, सैल सोडणं, मोकळं करणं. संथ सरावात या चार पायऱ्या चार वेगळ्या कृती वाटतात. तीन सेकंदांत कराव्या लागल्या की त्या एकाच वळणात बसतात, किंवा बसतच नाहीत आणि कुठली कच्ची आहे ते उघडं पडतं. बहुतेकांची सैल सोडण्याची पायरी कच्ची निघते: ओढून आत घेतलेला जोर खांद्यात साठतो, खाली पायात जात नाही.

नंतर जोडीदाराला दोन ठोसे द्या, मग तीन, मग लांब फिरवलेला हात, क्रौंच शैलीसारखा. फिरवलेल्या हाताला बाहेर जाऊन उपयोग नाही, तिथे त्याचा सगळा वेग आहे. आत, त्याच्या खांद्याच्या जवळ जायचं, तिथे तो हात जवळजवळ थांबलेला असतो. मकावमध्ये वू जेव्हा आत गेले तेव्हाच त्यांचं काही चाललं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शेवटी फेऱ्या. तीन मिनिटं आणि एक मिनिट विश्रांती, सुरुवातीला दोनच फेऱ्या, आठवड्यातून एकदा. हातमोजे, दातांचं कवच आणि डोक्याला मऊ शिरस्त्राण हे ठेवायचंच. फेरी सुरू होण्याआधी तीस-चाळीस बैठका मारून नाडी वर आणली तर चढलेल्या श्वासात हाताची जाण किती उरते ते कळतं. पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी, रक्तदाब असलेल्यांनी ही पायरी गाळावी आणि आधीच्या पायऱ्या आयुष्यभर कराव्यात. त्यांतही भरपूर आहे.

या क्रमाला कोणी म्हणेल, यात ताईचीचं तत्त्व कुठे राहिलं? स्वतःला सोडून समोरच्याच्या मागे जायचं, हेच ना तिचं सार? तर हो, तेच आहे. पण वांग झोंगयुए यांच्या त्या प्रबंधातच पुढे इशारा आहे की हे करताना बहुतेक जण चुकून जवळचं सोडून लांबचं धरतात. समोरच्याच्या मागे जायचं म्हणजे तो येईपर्यंत उभं राहायचं, असं नव्हे. त्याला ऐकता येईल एवढ्या जवळ आधी जावं लागतं, आणि ते जाणं पूर्णपणे आपल्या मर्जीचं, आपल्या पायांचं काम असतं. सोडून देणं त्यानंतर सुरू होतं. माणूस बाहेर राहूनच मऊ होतो तेव्हा त्या मऊपणाला समोरच्याच्या दृष्टीनं काही अर्थ नसतो.

या प्रकरणावरून काय सिद्ध होत नाही, तेही सांगायला हवं. एका लढतीवरून दोन शैलींचा निवाडा होत नाही, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या चित्रफितीवरून वू गोंगयी आपल्या सरावाच्या दालनात हात टेकवल्यावर काय करू शकत होते ते कळत नाही. कळतं ते एवढंच, की ते जे करू शकत होते त्याच्यापर्यंत पोचायची वाट त्या दिवशी बंद राहिली.

आणि वाट बंद राहण्याचं सगळ्यात जुनं कारण दालनातच असतं. गुरूनं हात लावला की शिष्य उडतो. सुरुवातीला आदरानं, पुढे सवयीनं, आणि काही वर्षांनी त्याला स्वतःलाही कळत नाही की तो स्वतःहून उडी मारतोय. वर दिलेल्या क्रमाला खरं नुकसान यातूनच होतं: जोडीदार ठोसा मुद्दाम बाजूला मारतो, बाहू टेकली की हात सैल सोडतो, तीन सेकंद झाले की स्वतःच तोल घालवतो. याला उपाय एकच टिकतो. दर महिन्याला जोडीदार बदला आणि त्यातला निदान एक जण ताईची न शिकलेला हवा: मुष्टियोद्धा, कराटेवाला, पैलवान, कोणीही. त्याला फक्त एवढंच सांगा की वेग कमी ठेव, पण ठोसा नाकाच्या रेषेतच मार.